बारा अंकी कॅल्क्युलेटर आणि डोंबिवलीचा आकडा

मार्केट यार्डात, गूळ-भुसार विभागातल्या एका गाळ्यावर मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिते आहे. सकाळी साडेदहाला बसले की संध्याकाळी सातपर्यंत डाव्या हाताखाली बिलं आणि उजव्या हाताखाली कॅल्क्युलेटर. आजवर अकरा कॅल्क्युलेटर वापरून झाले, त्यामुळे याविषयी चार शब्द अधिकाराने लिहू शकते असं वाटतं.

हा टेबलावर ठेवायचा, बारा अंकी, सौर पट्टीवर आणि बटण सेलवर दोन्हींवर चालणारा कॅल्क्युलेटर मी मार्चअखेरच्या गडबडीआधी अप्पा बळवंत चौकातून घेतला. पाचशे ऐंशी रुपयांना. चार महिने रोज वापरते आहे. घ्यावा असाच आहे. दोन गोष्टी खटकल्या, त्या पुढे सांगतेच. पण आधी तो मी पारखला कसा ते सांगते, कारण दुकानात उभं राहून पाच मिनिटांत कोणालाही ते करता येईल.

आमच्याकडे वजनकाटा तपासायचा असेल तर त्यावर पोतं ठेवून बघत नाहीत. पोत्यात नेमकं किती आहे हेच माहीत नसतं. शिक्का मारलेलं वीस किलोचं लोखंडी माप ठेवतात. काट्याने वीस दाखवलं तर काटा खरा. कॅल्क्युलेटर तपासायलाही असं एखादं माप हवं, ज्याचा अंक न् अंक आपल्याला आधीपासून पाठ आहे. माझं माप आहे १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि नवावरून एकापर्यंत उतरायचं. यातला एक अंक जरी कुठे गळला, तरी पायरी निखळल्यासारखं लगेच दिसतं. नऊ एके ओळीने लिहून त्या आकड्याचा वर्ग केला की ही संख्या येते: १११११११११ गुणिले १११११११११.

ही सवय मला एका फटक्यानंतर लागली. दोन वर्षांपूर्वी गोंदियाच्या एका तांदूळ गिरणीला चार लाख शहाऐंशी हजार आरटीजीएसने पाठवायचे होते. खाते क्रमांक सोळा अंकी. मी तो संगणकावरच्या तक्त्यात भरला आणि त्या तक्त्यावरून बँकेचा फॉर्म तयार झाला. दुसऱ्या दिवशी पैसे परत. तिकडे गिरणीवाले फोनवर फोन करत होते, गाडी भरून उभी होती. कागदावरचा नंबर सातवर संपत होता आणि तक्त्यातला शून्यावर. मला वाटलं माझंच बोट चुकलं. पुन्हा सात टाकला, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही तेच. शेठ एक शब्द बोलले नाहीत, पण सव्वीस वर्षांत मला एवढं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी तक्त्यात एक कोरा रकाना रुंद केला आणि माझी सतरा अंकी संख्या टाकली. एंटर दाबलं. समोर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटच्या दोन पायऱ्या गायब. तेव्हा कळलं की तक्ता आकडा म्हणून फक्त पंधरा अंक धरून ठेवतो आणि पुढच्या जागी निमूटपणे शून्यं भरतो. ना आवाज, ना लाल रंग, ना सूचना. खाते क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवायचा असतो, हे मला त्या दिवशी समजलं. तुमच्याकडे कोणी सोळा-सतरा अंकी नंबर तक्त्यात भरत असेल, तर कृपा करून आजच बघा.

साध्या नवाच्या ताळ्यानेही ती चूक पकडता आली असती, याची मला जास्त हळहळ वाटते. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, ती पुन्हा एक अंकी होईपर्यंत करत राहायची. माझ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आठ आणि एक नऊ. शेवटचे २१ जाऊन ०० आले की बेरीज ७८, मग पंधरा, मग सहा. ताळा तुटला. जुने मुनीम हे बसल्या जागी, पेन न उचलता करत. त्याची एक मर्यादाही त्यांना माहीत असायची: ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेलं तर हा ताळा गप्प बसतो. म्हणून रोजमेळात जेव्हा फरक येतो आणि त्या फरकाला नवाने पूर्ण भाग जातो, तेव्हा आधी अंकांची अदलाबदल कुठे झाली आहे ते शोधायचं.

आता दुकान. चौकातल्या त्या दुकानात पुस्तकं, वह्या, कंपासपेट्या आणि एका काचेच्या कपाटात कॅल्क्युलेटर. मी तीन वेगवेगळे नग मागितले. मालकांनी विचारलं, “काकू, ऑफिससाठी का मुलांसाठी?” मी म्हटलं, “हिशेबासाठी. जरा गुणाकार करून बघू का?” “बघा की, स्टूल देऊ?” असं म्हणून त्यांनी खरंच स्टूल पुढे सरकवलं. गर्दी होती, तरी घाई केली नाही.

पहिली परीक्षा काचेची. १२३४५६७९ टाकायचं, आठ मुद्दाम गाळायचा, आणि ७२ ने गुणायचं. उत्तर ८८८८८८८८८. इंग्रजी आठात सातही काड्या पेटतात, त्यामुळे एखादी काडी मेली असेल तर तो आठ शून्यासारखा किंवा नवासारखा दिसतो. यात नऊच घरं तपासून होतात. बाराही घरं बघायची तर ३७०३७०३७०३७ गुणिले २४, सगळीकडे आठ. नुसती आठाची कळ बारा वेळा दाबूनही काच तपासता येते हे मला कळतं, पण गुणाकाराने कळाही तपासल्या जातात आणि आतलं यंत्रही.

दुसरी परीक्षा वर्गाची आणि वर्गमुळाची. सहा एके, गुणिले, बरोबर: १२३४५६५४३२१. अकरा अंक, काचेत मावतात. लगेच वर्गमुळाची कळ, परत १११,१११. नुसते एके लिहिताना माणसाचा हात घसरतो, सहाचे सात किंवा पाच होतात. कॅल्क्युलेटर तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम देतो, तो इथे कामाला येतो. (दोनाचं वर्गमूळ काढून वर्ग केला तर १.९९९९९९९९९९९ दाखवतो. त्याला दोष मानू नका. दोनाचं वर्गमूळ बारा घरांत बसत नाही, उरलेलं कापलं जातं.)

तिसरी परीक्षा खरी. नऊ एके, गुणिले, बरोबर. उत्तर सतरा अंकी, जागा बारा घरांची. यंत्र आता काय करतं?

या कॅल्क्युलेटरने १२३४५.६७८९८७६ दाखवलं आणि डावीकडे ठसठशीत इंग्रजी ई. त्यानंतर बाकीच्या कळा बंद. पुसल्याशिवाय पुढे जाऊ देईना. दाखवलेल्या आकड्यातलं दशांशचिन्ह बारा घरं उजवीकडे सरकवून वाचायचं, म्हणजे अंदाज कळतो, पण यंत्र साफ सांगतं की हे माझ्या आवाक्याबाहेर गेलं, यावर विसंबू नका. दुसऱ्या नगातही ई होता, पण इतका बारीक आणि फिकट की मला चष्मा वर करून शोधावा लागला. तिसऱ्याचा पडदाच तिरका बघितल्याशिवाय वाचता येत नव्हता. मी पहिला घेतला. अंक कापणारं यंत्र मला चालतं, कापल्याचं लपवणारं नको.

हिशेबाला बारा घरं पुरतात का, असं कोणी विचारेल. आपल्या जुन्या मोजणीत, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे तशी, एकं, दहं, शतं म्हणत गेलं की दहावं घर अब्जाचं, अकरावं खर्वाचं, बारावं निखर्वाचं. निखर्वापर्यंत रक्कम जाईल असा गाळा यार्डात नाही. माझ्या संख्येचा पहिला एक मात्र सतराव्या घरात, ‘मध्य’ नावाच्या घरात बसतो. त्याच्यापुढे फक्त परार्ध.

आता ही संख्या माझ्याकडे कुठून आली ते सांगते. माझं माहेर डोंबिवली. बाबा रोज लोकलने माटुंग्याला कारखान्यात जायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना संपला की ते पान फाडून, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते मला गणितं घालायचे. चौथीत असताना त्यांनी एका पानावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि म्हणाले, “नऊ एके लिही. आता त्याखाली एक घर डावीकडे सरकून परत नऊ एके.” अशा नऊ ओळी. पायऱ्यांसारखी तिरकी होत गेलेली एक्यांची चाळ. मग म्हणाले, “आता उजवीकडून बेरीज.” पहिल्या रकान्यात एकच एक्का, लिहिला १. दुसऱ्यात दोन ओळी येतात, २. तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकाखाली एक, म्हणून ९. दहाव्यात वरची पहिली ओळ संपलेली, उरल्या आठ. अकराव्यात सात. अशी शेवटची, सतराव्या घरातली, सर्वांत खालच्या ओळीची एकटी डावी कड, १. कुठेही हातचा नाही. सगळी गंमत त्या न आलेल्या हातच्यात आहे. बाबा म्हणाले, “ही आपल्या स्टेशनची संख्या.”

मला वाटलं माझं मन रमवायला म्हणाले. पण ते खरं होतं. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेमलो संख्या’ असं नाव दिलं. जी.आय.पी. रेल्वेवरच्या ज्या स्थानकात त्यांना ही कल्पना सुचली त्याचं नाव डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली. १२१, १२३२१, १२३४३२१ हे सगळे त्याच घराण्यातले, आणि माझी सतरा अंकी त्यांतली सर्वांत मोठी, जिच्यात चढ-उतार अजून शाबूत आहे.

लग्न होऊन पुण्याला आले आणि कळलं की कापरेकर फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. जग त्यांना ६१७४ मुळे ओळखतं: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. तेही कॅल्क्युलेटरवर करून बघण्यासारखं आहे. पण बसने फर्ग्युसनवरून जाताना मला आठवते ती डोंबिवलीचीच संख्या.

तिची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या अंकांची बेरीज ८१. त्याच ८१ ने तिलाच गुणलं की ९९९९९९९९८००००००००१ येतं, आणि हा नऊ नवांच्या संख्येचा, ९९९९९९९९९ चा, बरोबर वर्ग आहे. कारण अगदी साधं. ८१ हा नऊचा वर्ग, ती नऊ एक्यांचा वर्ग, दोन वर्गांचा गुणाकार म्हणजे नऊ गुणिले नऊ एक्यांचा वर्ग. कारण कळल्यावरही आनंद तेवढाच राहतो, निदान मला तरी.

गाळ्यावर दुपारी ओंकार येतो. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, जावक बिलं तो बघतो. त्याने एकदा विचारलं, “काकू, नऊच एके का? दहा घेतले तर?” मी त्याला चौकटीचा कागद दिला. पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने दहा ओळी मांडल्या आणि बेरीज करत दहाव्या रकान्यापर्यंत आला. तिथे दहा एके. शून्य लिहिला, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊ अधिक हातचा, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढे आठ अधिक एक, नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे सातानंतर एकदम नऊ. त्याला वाटलं आपलंच चुकलं, त्याने दुसरा कागद घेतला. दुसऱ्यांदाही आठ आला नाही.

मग मी त्याला या कॅल्क्युलेटरवर १ भागिले ८१ करायला सांगितलं. ०.०१२३४५६७९०१. इथेही आठ नाही. ८१ चा एकांश, म्हणजे हेच १ भागिले ८१, हा नऊच्या एकांशाचा वर्ग, आणि नऊचा एकांश म्हणजे दशांशचिन्हापुढे न संपणारे एके. त्याच एक्यांचा तोच चढ, फक्त उतार कधी येतच नाही. नवानंतर दहा येतो, त्याचा हातचा नवाला, नवाचा आठाला, आठाचा नऊ होतो. ओंकार बराच वेळ काचेकडे बघत होता. मी दुकानात जी आठाशिवायची १२३४५६७९ वापरली होती, ती हीच. तिला नवाने गुणलं की नऊ एके, आणि तिचे स्वतःचे तुकडे पाडले तर ३७ आणि ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या.

आता खटकलेलं.

एक, वरच्या बाजूला पूर्णांकन ठरवणारी सरकती पट्टी आहे. तिच्या खाचा ढिल्या आहेत. बिलांचा गठ्ठा सरकवताना ती ‘कट’वर गेली आणि मला दिसलं नाही. १,२४७.३५ वर पाच टक्के जीएसटी ६२.३६७५, म्हणजे ६२.३७ यायला हवा. ‘कट’वर ६२.३६ येतो. एक पैसा. पण चाळीस बिलांत तो कुठे कुठे गेला ते शोधायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. आता त्या पट्टीवर चिकटपट्टी लावली आहे. बनवणाऱ्यांनी ही पट्टी मागच्या बाजूला किंवा घट्ट द्यायला हवी होती.

दोन, स्वल्पविराम. हजार, दशलक्ष असे तीन-तीन अंकांनी येतात. आपण लाख-कोटी वाचतो, डोळ्याला १२,३४,५६,५४,३२१ असं हवं असतं. मोठी रक्कम कागदावर उतरवताना दर वेळी मनात घरं पुन्हा पाडावी लागतात. लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम देणारे कॅल्क्युलेटर मिळतात, या प्रकारात तो पर्याय नव्हता.

बाकी चांगलं. कळा खोल दाबल्या जातात, बोट निसटत नाही. दोन शून्यांची वेगळी कळ आहे, ती सवयीची झाली की सोडवत नाही. मागे जाऊन आधीचे टप्पे तपासायची सोय आहे, लांब बेरजेत तिचा फार आधार वाटतो. गाळ्यात वीज गेली तरी सेलवर अंक तेवढेच ठळक राहतात. चार महिन्यांत पाचाचा छाप जरा पुसट झालाय, खालचं एक रबरी बूट निघालं होतं ते मी डिंकाने लावलं.

त्याच दुकानात चौदा अंकी प्रकारही होता, दीडशे रुपयांनी महाग. हिशेबासाठी त्याची गरज नाही, म्हणून मी घेतला नाही. ओंकारने गेल्या आठवड्यात स्वतःच्या पैशांनी तो आणला. पिशवीतून काढला, सेलची कागदी जीभ ओढली आणि सात एक्यांचा वर्ग केला. माझ्या बारा घरांत ते मावत नाही, ई येतो. त्याच्या काचेवर १,२३४,५६७,६५४,३२१ अखंड आलं. त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला, आणि आम्ही दोघांनी सातापर्यंत चढून परत खाली उतरत तो मोठ्याने वाचला.